जोडीतला एक

घोलवडच्या आमच्या घरात टीव्हीशेजारी चिनी मातीचा एक पांढरा कुत्रा बसलेला असतो. लोंबते कान, गळ्यात सोनेरी साखळी. आजी एका इराणी कुटुंबाच्या चिकूच्या वाडीत कामाला होती. बंगला विकताना मालकीणबाईंनी तो तिला दिला. जोडीतला दुसरा आधीच फुटला होता.

हे कुत्रे जोडीनेच का? त्याचं उत्तर इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमध्ये आहे. १९व्या शतकात तिथल्या कारखान्यांनी ते ढिगाने बनवले. शेकोटीवरच्या फळीच्या दोन टोकांना, एकमेकांकडे तोंड करून ते बसायचे. पाठ भिंतीकडे, म्हणून मागे रंग कमी. व्हिक्टोरिया राणीच्या लाडक्या ‘डॅश’मुळे स्पॅनियल तेव्हा लोकप्रियच होता. रंगवायला हात स्वस्त लागत, आणि त्या कारखान्यांत लहान मुलंही राबत.

इराणी-पारशी घरात कुत्र्याला आणखी एक अर्थ आहे. झरतुष्ट्री अंत्यविधीत ‘सगदीद’ असतो: मृतदेहावर कुत्र्याची नजर पाडतात. डोळ्यांवर दोन ठिपके असलेला ‘चार डोळ्यांचा’ कुत्रा त्यासाठी उत्तम मानतात. आपल्या बोर्डीजवळच्या बाहरोटच्या डोंगरात पारशांनी पवित्र अग्नी १२ वर्षं जपला, असं परंपरा सांगते. तो धर्म कुत्र्यालाही जपतो.

आमचा कुत्रा खरा जुना असेल तर? मी वाचून काढलं. जुने कुत्रे साच्यात माती दाबून करत, त्यांना हवा जायला बारीकसं छिद्र असे किंवा नसेच. नंतरचे पातळ माती साच्यात ओतून केलेले, त्यांच्या तळाला मोठं भोक. जुना सोनेरी रंग मऊ, मंद. साधारण १८८०नंतरचा झगझगीत.

मोबाईलचा टॉर्च लावून कुत्रा उलटा केला. भोकात माझी करंगळी गेली. सोनंही चकचकीत.

आजीला सांगितलं, “आजी, हा नकली आहे गं. फार जुना नाही.”

“नकली कसा? बाईंकडे वीस वर्षं मीच पुसायची त्याला. दुसरा माझ्याच हातून फुटला. त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.”

हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आता मुंबईत चोर बाजारात गेलो की मटन स्ट्रीटवरच्या दुकानांत मी उलट्या दिशेला तोंड केलेला कुत्रा शोधतो. दुकानदार जुना माल पुढे करतात. मी आधी तळ बघतो. मला करंगळी जाईल असाच हवा आहे.