मैदानाला नाव देणारी बाई



आपल्या सिहोऱ्याकडच्या, तुमसर-भंडाऱ्याच्या कितीतरी बाया ६ डिसेंबरला बाबासाहेबांना अभिवादन करायला मुंबईच्या चैत्यभूमीवर जातात. रात्री पथारी पडते ती शेजारच्या शिवाजी पार्कात. शिदोरी तिथेच सोडायची, पोरांना तिथेच निजवायचं. पण त्या मैदानाला हे नाव कसं पडलं, हे आपण कधी विचारलं नाही. आज तीच गोष्ट सांगते, कारण ती एका बाईची गोष्ट आहे.

जवळजवळ २८ एकरांचं हे मैदान मुंबई महापालिकेने १९२५ मध्ये लोकांसाठी खुलं केलं. तेव्हा त्याचं नाव होतं माहीम पार्क. पुढे १९२७ साल आलं. त्या काळी शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ चा मानत, म्हणून ते वर्ष त्रिशताब्दीचं होतं. राज्य मात्र इंग्रजांचं होतं. मुंबईतल्या बागांना, चौकांना, रस्त्यांना राणीची नि गव्हर्नरांची नावं होती. अशा काळात या मैदानाला महाराजांचं नाव द्यावं, असा आग्रह पालिकेत एका नगरसेविकेने धरला. त्या अवंतिकाबाई गोखले. त्यांच्या पुढाकाराने माहीम पार्कचं शिवाजी पार्क झालं.

कोण होत्या या अवंतिकाबाई? जन्म १८८२ चा. त्या काळच्या रीतीप्रमाणे लग्न लहानपणीच झालं, शिकल्या त्या लग्नानंतर. पुढे त्यांनी शुश्रूषेचं आणि सुईणीचं शिक्षण घेतलं. १९१७ मध्ये गांधीजी बिहारमधल्या चंपारणला निळीच्या शेतकऱ्यांसाठी लढत होते. तिथल्या खेड्यांत शाळा काढायला माणसं हवी होती, तेव्हा अवंतिकाबाई आणि त्यांचे पती बबनराव मुंबईहून तिकडे गेले. गांधीजींचं त्यांना सांगणं असं होतं, की अक्षरं तर शिकवाच, पण त्याआधी मुलांना स्वच्छता आणि चांगलं वागणं शिकवा.

परत आल्यावर १९१८ मध्ये त्यांनी मराठीत गांधीजींचं चरित्र लिहिलं. त्याला प्रस्तावना लोकमान्य टिळकांची होती. त्याच सुमारास मुंबईत त्यांनी हिंद महिला समाज उभा केला. आज आपण महिन्याला गटाची बैठक घेतो ना, तसंच बायकांनी घराबाहेर पडून एकत्र बसावं, शिकावं, बोलावं, यासाठी ते काम होतं. पुढे मुंबई पालिकेत बायका पहिल्यांदाच सभासद म्हणून बसू लागल्या, त्यांत अवंतिकाबाई होत्या. १९३० च्या सत्याग्रहात त्या तुरुंगातही गेल्या. १९४९ मध्ये त्या वारल्या.

त्यांच्या माघारी मुंबईने त्यांची आठवण ठेवली. गिरगावातल्या एका रस्त्याला अवंतिकाबाई गोखले यांचं नाव आहे. पण त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या माणसाला विचारून पाहा, या कोण होत्या? बहुतेकांना सांगता येणार नाही. नुसती पाटी लावली की असंच होतं. नाव राहतं, माणूस विसरला जातो.

यावर कुणी म्हणेल, मग नावाचा एवढा आटापिटा कशाला? तर नावात फार काही असतं. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने जातीवरून पडलेली वस्त्यांची आणि रस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला. त्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली. जिला पत्ता सांगताना आपली जातही सांगावी लागत होती, तिला विचारा नाव बदलण्याचं मोल. ती तुम्हाला माझ्यापेक्षा नीट सांगेल.

आता आपल्या गावाकडे येऊ. कुठे बोडीच्या काठी झाडं लावून बाग केली आहे, कुठे आखरावर पोरांना खेळायला जागा केली आहे. त्यांची नावं वाचा. देवांची आहेत, पुढाऱ्यांची आहेत. पण जिने अर्ध्या रात्री कंदील घेऊन गावाची बाळंतपणं केली, जिने दारूच्या दुकानासमोर पहिल्यांदा ठाण मांडलं, जिने दहा-दहा रुपये गोळा करून पहिला गट बांधला, तिचं नाव कुठे आहे? अशी एक तरी बाई प्रत्येक गावात होऊन गेली आहे. तुमच्या गावातली आत्ता तुमच्या डोळ्यांपुढे आली असेल.

तिचं नाव लागावं असं वाटत असेल, तर वाटही आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, हा कायदा आहे. पुष्कळदा ती कागदावरच उरकते, नंतर घरोघरी सह्या फिरतात. तशी सही करू नका, सभेला जाऊन बसा. आधी तिच्या घरच्यांना विचारा, मग विषय मांडा. २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत, तेव्हा आतूनही साथ मिळवा. विरोध होईल. कुणी तिची जात काढेल, कुणी म्हणेल, ती कुठे मोठी होती? तेव्हा तिने काय केलं ते साध्या शब्दांत सांगा. ठराव झाला की सूचक आणि अनुमोदक म्हणून तुमची नावं लिहून घ्या, आणि नक्कल मागा.

आणि पाटीवर नुसतं नाव नको. खाली दोन ओळी हव्यात, ही कोण होती आणि तिने गावासाठी काय केलं. वर्षातून एकदा तिथे गटाची बैठक ठेवा, गाजरगवत उपटा, पोरांना तिची गोष्ट सांगा. अवंतिकाबाईंची पाटी आहे, पण गोष्ट हरवली. आपल्या बाईचं तसं होऊ देऊ नका.