सराई आणि भटियारा : रस्त्याकाठच्या चुलीचा दुर्लक्षित इतिहास

लग्नसमारंभात अथवा मोठ्या हॉटेलात जेथे अन्न शिजते त्या जागेला मराठीत 'भटारखाना' म्हणतात. हा शब्द रोजच्या वापरातला असला तरी त्याचे मूळ फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. हिंदी-उर्दूतील 'भटियारखाना' या शब्दाचे ते मराठी रूप होय. भट्टी सांभाळणारा तो भटियारा आणि त्याचे घर अथवा दुकान ते भटियारखाना. मध्ययुगीन भारतातील सराईत उतरणाऱ्या प्रवाशाला खाट देणारा, त्याचे पीठ मळून भाकरी-रोटी भाजून देणारा, त्याच्या जनावराला दाणावैरण घालणारा माणूस म्हणजे हा भटियारा. उत्तर भारतात मात्र 'भटियारखाना' म्हणजे गोंगाटाची, हलकी जागा आणि 'भटियारीण' म्हणजे भांडकुदळ बाई असा अर्थ रूढ झाला. ज्या वर्गाने कित्येक पिढ्या वाटसरूंना जेवू घातले त्या वर्गाचे नाव शिवीसारखे का वापरले जावे, हा प्रश्न सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने विचारण्यासारखा आहे.

सराईविषयी जे लेखन झाले आहे ते प्रामुख्याने तिच्या बांधकर्त्यांविषयी आहे. शेरशाह, जहाँगीर, नूरजहाँ, जहाँआरा ही नावे पाठ्यपुस्तकांत येतात. कमानी, बुरूज आणि शिलालेख यांची वर्णने येतात. परंतु इमारत उभी राहिल्याने सराई चालत नाही. ती चालवणारी माणसे कोण होती, तेथे काय शिजत होते आणि कोणाच्या हातचे कोण खात होते, या अंगाने प्रस्तुत विषयाकडे पाहणे आवश्यक आहे.

राजाज्ञा आणि व्यवस्था

रस्त्याकाठी प्रवाशांची सोय करण्याची प्रथा शेरशाहपूर्वीची आहे. 14व्या शतकात भारतात आलेल्या इब्न बतूता याने दिल्ली ते दौलताबाद या चाळीस दिवसांच्या वाटेचे वर्णन केले आहे. या वाटेवर दुतर्फा झाडे होती, ठिकठिकाणी डाकेच्या चौक्या होत्या आणि प्रवाशाला लागणारी प्रत्येक वस्तू तेथे मिळत असल्यामुळे सारी वाट म्हणजे जणू एक बाजारच वाटे, असे तो सांगतो. दख्खनशी उत्तरेला जोडणारा हा मार्ग असल्यामुळे मराठी वाचकाला या नोंदीचे विशेष महत्त्व आहे.

सराईंचे सुसंघटित जाळे मात्र शेरशाहच्या (कारकीर्द 1540–1545) नावाशी जोडले जाते. अकबराच्या काळात 'तारीख-ए-शेरशाही' लिहिणाऱ्या अब्बास खान सरवानीच्या म्हणण्यानुसार शेरशाहने दर दोन कोसांवर एक याप्रमाणे 1700 सराया बांधल्या. सोनारगाव ते सिंधू नदी, आग्रा ते बुऱ्हाणपूर, आग्रा ते जोधपूर व चितोड आणि लाहोर ते मुलतान हे त्यांचे प्रमुख मार्ग होते. हा ग्रंथ शेरशाहच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी लिहिला गेला, शिवाय लेखक स्वतः अफगाण होता. त्यामुळे आकडा सावधपणे घ्यावा लागतो. व्यवस्थेचे वर्णन मात्र तपशीलवार आहे. प्रत्येक सराईत हिंदू व मुसलमान प्रवाशांसाठी स्वतंत्र जागा, दारात पाण्याचे रांजण, मध्ये विहीर व पक्क्या विटांची मशीद, देखरेखीसाठी शहना आणि पहारेकरी असत. हिंदू प्रवाशांना गरम व थंड पाणी, खाट, अन्न आणि घोड्यांना दाणा देण्यासाठी ब्राह्मण नेमलेले असत. सराईभोवती वस्ती वसवली जाई.

शेरशाहचा पुत्र इस्लामशाह (सलीमशाह) याने प्रत्येक दोन सरायांच्या मध्ये आणखी एक सराई बांधण्याचा हुकूम दिल्याचे अब्दुल कादिर बदायूनी लिहितो. तेथे हिंदू आणि मुसलमान या दोघांसाठीही कच्चे आणि शिजवलेले, अशा दोन्ही प्रकारचे अन्न तयार ठेवावे, असा तो हुकूम होता. 1605 मध्ये गादीवर येताच जहाँगीरने काढलेल्या बारा आदेशांतही चोरीचे भय असलेल्या वाटांवर सराई, मशीद व विहीर बांधावी, म्हणजे तेथे वस्ती होईल, असे म्हटले आहे. सराई ही केवळ मुक्कामाची जागा नसून वस्ती वसवण्याचे साधनही होती, हे यावरून स्पष्ट होते. पंजाबातील नूरमहल हे गाव 1618 ते 1620 या काळात बांधलेल्या सराईभोवती नावारूपाला आले. ताजमहालाचा सुलेखनकार अमानत खान याने 1640 मध्ये बांधलेल्या सराईच्या नावाचेही आज एक गाव आहे.

कच्चे आणि शिजवलेले

बदायूनीच्या नोंदीतील 'कच्चे व शिजवलेले' ही जोडी बारकाईने पाहण्यासारखी आहे. कोणाच्या हातचे पाणी प्यावे आणि कोणाच्या चुलीवरचे खावे, याचे कडक नियम असलेल्या समाजात प्रवास करणे सोपे नव्हते. मलबारच्या वाटेवरील धर्मशाळांत हिंदू प्रवाशाला भांड्यातून पाणी दिले जाई, तर मुसलमानाच्या ओंजळीत ते ओतले जाई, असे इब्न बतूता नोंदवतो. मुसलमानाची वस्ती नसलेल्या ठिकाणी त्याला केळीच्या पानावर जेवण वाढले जाई. म्हणजे अन्न नाकारले जात नव्हते, मात्र भांडे जपले जात होते.

सराईने हे भेद मिटवले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तिने या भेदांसह एका आवारात रात्र काढण्याची सोय केली, असे म्हणणे अधिक योग्य. ज्याला चालेल त्याने शिजवलेले अन्न घ्यावे आणि ज्याला चालणार नाही त्याने शिधा, सरपण व पाणी घेऊन आपली चूल आपण मांडावी. महाराष्ट्रातील धर्मशाळांतून शिधा देण्याची जी पद्धत होती तिच्यामागेही हाच व्यवहार दिसतो. पीठ, तांदूळ, डाळ, मीठ आणि तूप या जिनसा वाण्याच्या दुकानातून येत. आग, भांडी आणि हात भटियाऱ्याचे असत. प्रवाशांच्या जेवणात खिचडीला मोठे स्थान होते. 17व्या शतकातील फ्रेंच व्यापारी तावेर्निए यानेही तिची नोंद केली आहे. एकच भांडे, थोडे सरपण आणि सहज मिळणारे धान्य एवढ्यावर होणारा हा पदार्थ दमलेल्या वाटसरूला सोयीचा होता यात नवल नाही.

परदेशी प्रवाशांची साक्ष

दरबारी इतिहासकारांनी भटियाऱ्यांविषयी फारसे लिहिले नाही. त्यांची माहिती मिळते ती बऱ्याच अंशी युरोपीय प्रवाशांच्या रोजनिशीतून. 1630 च्या दशकाच्या आरंभी उत्तर भारतात फिरलेला इंग्रज व्यापारी पीटर मंडी सराईत राहणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख करतो. या स्त्रिया खोल्यांची व्यवस्था पाहत, नोकरचाकरांचे जेवण रांधत आणि खाटा पुरवत. एकेकीकडे दोन, तीन अथवा चार खोल्या असत आणि सकाळी निघताना प्रवासी त्यांना एक-दोन पैसे देत. या स्त्रियांना तो भटियारीण म्हणतो, तसेच मेहतरानीही म्हणतो. 'मेहतर' या फारसी शब्दाचा मूळ अर्थ 'मोठा, श्रेष्ठ' असा आहे. मानाची म्हणून दिलेली पदवीही पुढे हलकी ठरली.

मंडीच्या या नोंदीतून दोन गोष्टी सिद्ध होतात. पहिली म्हणजे सराईचा रोजचा कारभार मोठ्या प्रमाणावर स्त्रियांच्या हाती होता. दुसरी म्हणजे त्या केवळ मोलकरणी नव्हत्या. खोल्या सांभाळून त्यांचे भाडे स्वतः घेणाऱ्या त्या छोट्या व्यावसायिक होत्या. अनोळखी पुरुषांशी रोज पैशाचा हिशेब करणाऱ्या बाईला मोठ्याने बोलावेच लागते. 'भटियारीण' या शब्दाला चिकटलेल्या भांडकुदळपणाच्या अर्थाचे मूळ तिच्या स्वभावात नसून तिच्या धंद्यात शोधणे अधिक न्याय्य ठरेल.

सराईतील वास्तव्य सुखाचे होते असे मात्र नाही. फ्रेंच वैद्य बर्निए याने सराईची तुलना मोठ्या कोठाराशी केली आहे. शेकडो माणसे घोडे, खेचरे आणि उंट यांच्यासह तेथे दाटीवाटीने राहत. उन्हाळ्यात जीव गुदमरे आणि हिवाळ्यात जनावरांच्या श्वासाची ऊब तेवढी मिळे. दिल्लीत शाहजादी जहाँआराने बांधलेल्या सराईची मात्र त्याने स्तुती केली आहे. इटालियन प्रवासी मनुची सुरक्षिततेविषयी लिहितो. सराईला किल्ल्यासारखे बुरूज व भक्कम दरवाजे असत, ते रात्री बंद होत. सकाळी दरवाजे उघडण्यापूर्वी प्रत्येकाने आपले सामान तपासून घ्यावे अशी हाळी दिली जाई. काही हरवले असल्यास ते सापडेपर्यंत दरवाजे उघडत नसत.

दख्खनच्या वाटेवर

उत्तरेकडून दख्खनमध्ये उतरणाऱ्या प्रवाशाला बुऱ्हाणपूर हे मोठे ठाणे होते. 1615 मध्ये इंग्रज राजदूत सर टॉमस रो तेथे उतरला तेव्हा त्याला सराईत चार खोल्या मिळाल्या. त्या विटांच्या, वर गोलाकार आणि भट्टीएवढ्या लहान होत्या, अशी त्याची तक्रार आहे. बुऱ्हाणपुरातील अकबरी सराई पुढे जहाँगीरच्या काळात अब्दुर्रहीम खानखानान याच्या प्रयत्नाने उभी राहिली. तिचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. अजिंठ्याच्या घाटाखाली फर्दापूर येथे औरंगजेबाच्या काळातील मानली जाणारी प्रशस्त सराई आहे. आज लेणी पाहण्यास जाणारे असंख्य पर्यटक तिच्याजवळून जातात.

राजाश्रयाच्या सराईला सूफी खानकाहांचीही जोड होती. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील प्रसिद्ध पाणचक्की पर्यटक कौतुकाने पाहतात. परंतु ती चक्की फकीर व वाटसरूंच्या अन्नासाठी धान्य दळत होती, ही गोष्ट तिच्या तंत्राइतकीच महत्त्वाची आहे. 'मुसाफिर' हे नावच तेथे पुरेसे बोलके आहे.

कायदा, रेल्वे आणि ऱ्हास

19व्या शतकात दोन गोष्टींनी या व्यवस्थेचे रूप पालटले. ब्रिटिश सरकारने 1867 मध्ये सराई कायदा केला. सराईची व ती चालवणाऱ्याची नोंदणी, स्वच्छता, पहारेकरी, संसर्गजन्य आजार अथवा मृत्यू यांची खबर आणि दरांचा फलक अशी बंधने त्यात होती. आरोग्याच्या दृष्टीने त्यांतील काही तरतुदी योग्यच होत्या. तथापि भटियारा आता सरकारी नोंदवहीतील, पोलिसांनी नजर ठेवण्याजोगा इसम झाला.

दुसरी गोष्ट रेल्वे. 1870 मध्ये जबलपूर येथे मुंबई आणि कलकत्ता यांचे लोहमार्ग जोडले गेले. कोसांवर मोजली जाणारी वाट तासांवर आली आणि दर मुक्कामाच्या सराईची गरज उरली नाही. रेल्वे स्थानकांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशी वेगळी व्यवस्था दीर्घकाळ राहिली. पाण्याचा जुना प्रश्न आगगाडीनेही सोडवला नव्हता. सराई मात्र ओस पडली. काही सराया गोदामे झाल्या, काहींत कुटुंबे राहू लागली, अनेकांचे केवळ नाव उरले.

विल्यम क्रुक याच्या 1896 मधील ग्रंथात भटियारा समाजाच्या शेरशाही आणि सलीमशाही अशा दोन शाखा दिल्या आहेत. ही नावे शेरशाह आणि त्याच्या पुत्रापासून आली, अशी त्या समाजाची परंपरा आहे. ती कागदोपत्री सिद्ध होणे कठीण आहे. पण तिचा आशय स्पष्ट आहे. जग ज्यांना हलके समजत होते ते स्वतःला बादशाही रस्त्याचे सेवक समजत होते. सराई बांधणाऱ्याचे नाव त्यांनी तीनशे वर्षे जपले. त्यांची नावे मात्र कोणत्याही कमानीवर कोरली गेली नाहीत.

समारोप

सराईच्या इतिहासात बांधकर्त्याइतकाच चूल पेटवणाऱ्याचाही वाटा आहे, हे वरील विवेचनावरून दिसून येते. विविध जातिधर्मांचे प्रवासी एका आवारात निर्धास्त झोपू शकले यात राजाज्ञेचा भाग होता, तसा कोणाला शिजवलेले द्यावे आणि कोणाला शिधा द्यावा हे मुकाट्याने ओळखणाऱ्या भटियारीणीचाही होता. महाविद्यालयांतील इतिहासाच्या शिक्षकांना या विषयावर विद्यार्थ्यांकडून चांगले काम करून घेता येईल. आपल्या तालुक्यातील सराई, मुसाफिरखाना अथवा धर्मशाळा या नावाच्या जागा, वक्फ व भूमापनाचे जुने कागद, जिल्हा गॅझेटियर आणि वृद्धांच्या आठवणी एवढी साधने आरंभासाठी पुरेशी आहेत. इमारतीचे मोजमाप घेताना विद्यार्थ्यांनी एक प्रश्न अवश्य विचारावा : येथे चूल कोठे होती आणि ती कोण पेटवत असे?