वाळूंतून उठलेली मोटार

मृत माणसाबरोबर त्याची आवडती वस्तू द्यावी ही चाल जगांत फार जुनी आहे. ईजिप्तच्या राजांना त्यांच्या नौका दिल्या गेल्या, मध्य आशियांतील सरदारांना त्यांचे घोडे. परंतु विसाव्या शतकांत, यंत्रविद्येचें माहेरघर म्हणविणाऱ्या ब्रिटनमध्यें, एक मोटारगाडी खड्डा खणून पुरण्यांत आली. आणि तीहि धन्याच्या शेजारीं नव्हे, तर त्याच्या थडग्यापासून सुमारें पावणेदोनशें मैलांवर, समुद्रकांठच्या वाळूंत. बेचाळीस वर्षांनंतर ती पुन्हा वर काढली गेली आणि पुढें पुन्हा चालूंहि लागली. या गाडीचें नांव ‘बॅब्स’.

तिचा जन्मदाता एक होता आणि धनी दुसरा. इंग्लंडमधील केंट परगण्यांत, कँटरबरीजवळ हायम पार्क नांवाच्या वाड्यांत काउंट लुई झ्बोरोव्स्की हा तरुण राहत असे. घरीं अपार संपत्ति, आणि नाद एकच: विमानाचीं प्रचंड एंजिनें मोटारींच्या सांगाड्यांवर चढवून त्या शर्यतींत पळविणें. ‘चिटी बँग बँग’ या नांवाच्या त्याच्या गाड्या त्या काळीं इतक्या गाजल्या कीं, इयान फ्लेमिंग याच्या १९६४ सालच्या बालपुस्तकाला नांव मिळालें तें त्यांच्यावरूनच. क्लाइव्ह गॅलप या एंजिनियराच्या साहाय्यानें झ्बोरोव्स्कीनें १९२३ च्या सुमारास जी सर्वांत मोठी गाडी उभी केली तिला ‘हायम स्पेशल’ म्हणत. तिच्यांत अमेरिकन ‘लिबर्टी’ जातीचें विमान-एंजिन होतें. बारा सिलिंडर, सत्तावीस लिटर घनफळ आणि सुमारें साडेचारशें अश्वशक्ति! आजच्या साध्या घरगुती मोटारींत एक-दीड लिटरचें एंजिन असतें, एवढें सांगितलें म्हणजे त्या राक्षसाची कल्पना येईल. गिअरबॉक्स जर्मनीच्या जुन्या बेंझ शर्यती गाडीचा. चाकांकडे शक्ति न्यावयाची ती सायकलीप्रमाणें साखळ्यांनीं. दोन्ही बाजूंस एकेक जाड साखळी.

१९२४ च्या आक्टोबरांत मोंझा येथील शर्यतींत झ्बोरोव्स्की मरण पावला. त्याचा बापहि १९०३ मध्यें मोटारीच्याच शर्यतींत गेला होता. मुलाच्या मागें राहिलेली ही अवजड गाडी अवघ्या १२५ पौंडांना विकली गेली, आणि घेणारा होता जॉन गॉडफ्रे पॅरी-टॉमस.

पॅरी-टॉमस हा वेल्समध्यें १८८४ सालीं जन्मलेला. लेलंड कंपनीचा तो मुख्य एंजिनियर होता आणि त्याच्या ‘लेलंड एट’ या गाडीची बांधणी पाहून जाणते लोक थक्क होत. पण ती इतकी महाग कीं अगदीं थोड्या गाड्या तयार झाल्या. मग नोकरी सोडून तो ब्रुकलंड्सच्या शर्यतीच्या मैदानाच्या आंतच एका बंगल्यांत राहूं लागला. त्या बंगल्याचें नांवहि त्यानें ‘आश्रम’ अशाच अर्थाचें ठेवलें होतें, आणि तें शोभतहि होतें. अविवाहित मनुष्य, रंगीबेरंगी विणीचा स्वेटर अंगांत, भोंवतीं तेल आणि लोखंड. हायम स्पेशल त्यानें घेतली ती मिरविण्यासाठीं नव्हे. एंजिनाला त्यानें चार नवे कार्ब्युरेटर बसविले, पिस्टन स्वतःच्या आराखड्याप्रमाणें करविले, अंगावरील पत्रा बदलला आणि नांव ठेवलें ‘बॅब्स’. एखाद्या लाडक्या मुलीला हांक मारावी तसें नांव!

इतक्या वेगाच्या गाडीला धांवण्यास रस्ता कोठें मिळणार? ब्रुकलंड्सचा सिमेंटचा रस्ता खडबडीत व वळणाचा. तेव्हां या लोकांनीं समुद्राकडे मोर्चा वळविला. वेल्सच्या दक्षिणेस पेंडाइन येथें सुमारें सात मैल लांबीचा सपाट किनारा आहे. ओहोटीनंतर तेथील ओली वाळू किती घट्ट होते, तें कोंकणच्या किनाऱ्यावर बैलगाडी हांकणाऱ्यांना सांगावयास नको. परंतु भरती परत येईपर्यंतच्या कांहीं तासांतच सारें उरकावें लागे. शिवाय एकदां जाऊन भागत नसे. वाऱ्याचा लाभ कोणास मिळूं नये म्हणून दोन्ही दिशांनीं धांवून त्याची सरासरी धरीत. १९२५ मध्यें माल्कम कॅम्बेल यानें याच वाळूवर ताशीं दीडशें मैलांची मर्यादा प्रथम ओलांडली होती. १९२६ च्या एप्रिलच्या २७ व्या तारखेस टॉमसनें ‘बॅब्स’ला १६९ मैलांवर नेलें आणि दुसऱ्या दिवशीं १७१ वर. स्वस्तांत घेतलेली जुनी गाडी, मोठ्या कारखान्याचें पाठबळ नाहीं, आणि जगाचा विक्रम! यंत्राच्या इतिहासांत असे प्रसंग फार येत नाहींत.

विक्रम टिकला नऊ महिने. १९२७ च्या फेब्रुवारीच्या ४ तारखेस कॅम्बेलनें पेंडाइनवरच तो आपल्याकडे घेतला, सुमारें १७५ मैलांनीं. टॉमस महिन्याच्या आंत तेथें परत आला. इन्फ्ल्युएन्झाच्या तापांतून तो नुकता उठला होता. ३ मार्च रोजीं, ताशीं १७० मैलांच्या आसपास वेग असतां गाडी भरकटली, उलटली व वाळूवर लोळत गेली. टॉमस जागच्या जागीं ठार झाला. त्याचें वय त्रेचाळीसहि पुरें नव्हतें. जमिनीवरील वेगाच्या विक्रमामागें लागून प्राण गमावलेला पहिला चालक म्हणून त्याचें नांव राहिलें आहे.

लोकांनीं ताबडतोब निकाल दिला: उजवीकडील साखळी तुटली, उसळली आणि तिनें चालकाचा घात केला. डोक्याला झालेली भयंकर जखम पाहतां दुसरें कांहीं कोणाच्या मनांत आलें नसावें. चौकशी संपली, टॉमसचा देह इंग्लंडांत ब्रुकलंड्सच्या शेजारीं बायफ्लीट येथील चर्चच्या आवारांत विसावला आणि ‘बॅब्स’ला पेंडाइनच्या वाळूंत खड्डा खणून लोटण्यांत आलें. शोक म्हणा, संताप म्हणा. दोन्ही त्यांत होतें. गुन्हेगाराला फांशी द्यावी तसेंच तें झालें. त्यानंतर सव्वीस दिवसांनीं हेन्री सीग्रेव्ह यानें अमेरिकेंत डेटोना येथें दोनशें मैलांची मर्यादाहि ओलांडली. त्याच्या ‘सनबीम’ गाडीलाहि साखळ्याच होत्या, मात्र त्या पोलादी कवचाच्या आंत! टॉमसचा तरुण सहकारी रीड रेल्टन यानेंच पुढें कॅम्बेलच्या आणि जॉन कॉबच्या विक्रमी गाड्यांची आखणी केली. म्हणजे ‘आश्रमा’तील विद्या वाळूंत गडप झाली नाहीं, गडप झाली ती केवळ गाडी.

बेचाळीस वर्षें लोटलीं. मध्यंतरीं दुसरें महायुद्ध होऊन गेलें आणि तो किनारा लष्करी खात्याच्या ताब्यांत जाऊन तेथें तोफखान्याच्या चाचण्या होऊं लागल्या. १९६९ सालीं उत्तर वेल्समधील बँगरच्या तंत्रशाळेंत एंजिनियरिंग शिकविणारे ओवेन विन ओवेन यांनीं ती गाडी उकरण्याची परवानगी मिळविली. गांवांतून विरोध झाला, आणि तो उडवून लावण्यासारखा नव्हता. ज्या ठिकाणीं मनुष्य मेला तेथील माती कुदळीनें उपसावयाची, ती कशासाठीं? एका हौशी माणसाच्या हौसेसाठीं? जुन्या माणसांना तें प्रेताची विटंबना करण्यासारखें वाटलें असल्यास नवल नाहीं. मात्र एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. तेथें टॉमस नव्हता. तो बायफ्लीटला होता. वाळूंत होतें तें त्याच्या हातचें काम. कारागिराच्या मृत्यूबरोबर त्याचें कामहि बुजवावें, यापेक्षां तें पुढच्यांनीं वाचावें, यांत त्याचा मान अधिक आहे. ओवेन यांनीं ट्रक भरून भंगार नेलें असतें तर गोष्ट निराळी होती. त्यांनीं आपल्या आयुष्याचीं सुमारें पंधरा वर्षें त्यांत घातलीं.

वर आलें तें काय होतें? खाऱ्या वाळूंत लोखंड गंजतें हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु ॲल्युमिनियमची दशा त्याहून वाईट होते. पोलादाला लागून ॲल्युमिनियम असेल आणि दोहोंमध्यें खारें पाणी शिरलें, तर तेथें एक लहानसें विद्युत्-घटच तयार होतें, आणि त्यांत झिजतें तें ॲल्युमिनियम, पोलाद बचावतें. म्हणून पोलादी सांगाड्याला कांहीं तरी आशा होती, पण अंगावरील पत्र्याचा भुगा झाला होता. तो बहुतेक नव्यानेंच घडवावा लागला.

नवीन गाडी बांधणें आणि जुनी उठविणें यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. नवीला नकाशे असतात, कारखाना असतो, सुटे भाग फळीवर मांडलेले असतात. ‘बॅब्स’ ही जगांत एकच गाडी, एका श्रीमंताच्या वाड्यांत जन्मलेली आणि एका एंजिनियरानें आपल्या मनाप्रमाणें फिरविलेली. तिची पुस्तिका कोण छापणार? आधार काय तो जुन्या छायाचित्रांचा आणि खुद्द गंजलेल्या तुकड्यांचा. तुकडा हातीं घ्यावा, गंज काढावा, मूळ माप कोणतें असावें याचा अंदाज बांधावा, आणि मग तें करून देणारा माणूस शोधावा. असें काम एकट्याच्या हातून कधीं होत नाहीं. ओतीव भागांसाठीं आधीं लांकडी सांचा करणारा सुतार लागतो, मग ओतारी. दांते पाडणारा निराळा, साखळी करणारा निराळा, पत्रा ठोकून त्याला गोलाई देणारा तर हल्लीं शोधूनहि सांपडत नाहीं. त्या मापाचे टायर बाजारांत मिळत नाहींत. एंजिनाच्या बाबतींत मात्र दैव थोडें अनुकूल होतें. लिबर्टी एंजिनाचा आराखडा १९१७ सालीं, अमेरिका युद्धांत उतरल्यावर, घाईघाईनें पण घाऊक उत्पादनाच्या दृष्टीनें केलेला होता आणि तीं वीस हजारांवर तयार झालीं. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश रणगाड्यांतहि त्याच जातीचीं एंजिनें घालीत. त्यामुळें तें पोलादी सुट्या सिलिंडरांचें, दोन रांगांत पंचेचाळीस अंशांनीं झुकलेलें यंत्र समजणारीं माणसें जगांत उरलीं होतीं. टॉमसचे पिस्टन आणि कार्ब्युरेटर मात्र त्याचेच. तेथें कोणाची पुस्तिका कामाची नव्हती.

कॅपेल क्यूरिग या डोंगराळ गांवीं राहून, नोकरी सांभाळून, ओवेन हें काम करीत राहिले. आज तीन महिन्यांत घर बांधून न झाल्यास कंत्राटदाराच्या नांवानें खडे फोडणाऱ्यांनीं त्या पंधरा वर्षांचा क्षणभर विचार करावा.

परंतु या खटाटोपाचें खरें फळ गाडी उभी राहण्याच्या आधींच पदरांत पडूं लागलें होतें. बेचाळीस वर्षें साखळीला दोष दिला गेला, आणि तो देणाऱ्यांपैकीं कोणीं गाडी सुटी करून पाहिली नव्हती; पाहणार कशी? पुरावाच पुरला होता! उकरून काढलेल्या अवशेषांवरून असें अनुमान पुढें आलें कीं, प्रथम दगा दिला तो मागच्या उजव्या चाकानें. चाक कोसळलें, गाडी फिरली, आणि साखळीची वाताहत झाली ती त्या धडपडींत. म्हणजे साखळी हें अपघाताचें कारण नसून त्याची ती परिणति होती. सर्व जाणत्यांचें यावर एकमत आहे असें नाहीं, आणि इतक्या काळानें तें होणेंहि कठीण. तरी पण जी गोष्ट पूर्वीं केवळ ऐकीव होती तिच्यावर आतां वाद करण्यास प्रत्यक्ष धातूचा आधार आहे. साखळ्यांची योजना झ्बोरोव्स्कीची, आणि ती ठेवल्याबद्दल लोक टॉमसला हळहळून नांवें ठेवीत. या अनुमानानें त्याच्या बुद्धीवरील तो ठपका पुष्कळच हलका झाला.

येथें चिकित्सक मनुष्य विचारील: पत्रा नवा, कित्येक भाग नवे, मग ही तीच ‘बॅब्स’ कशावरून? प्रश्न जुना आहे. मिलिंद राजाला भिक्षु नागसेनानें असाच विचारला होता: रथ म्हणजे चाकें, कीं आंस, कीं जूं? नागसेनाचें उत्तर तत्त्वज्ञान्यांस पुरेसें वाटलें असेल. मोटारीच्या बाबतींत उत्तर थोडें अधिक व्यावहारिक द्यावें लागतें. जो भाग वांचला तो जपला कीं फेकला? जो नवा केला तो मूळच्या मापानें केला कीं सोयीनें? आणि नवा भाग जुना म्हणून खपविला कीं उघड सांगितला? या तीन प्रश्नांना प्रामाणिक उत्तर असलें म्हणजे नांव बदलण्याचें कारण उरत नाहीं. आपल्याकडे संस्थानिकांच्या जुन्या मोटारींना चकचकीत रंग देऊन, आंत भलतेंच एंजिन बसवून त्या लग्नाच्या वरातींत फिरविणारे कमी नाहींत. त्या गाड्या चालतात खऱ्या, पण त्यांना कांहीं सांगतां येत नाहीं.

‘बॅब्स’ पुन्हा आपल्या शक्तीवर चालली. लोकांच्या डोळ्यांदेखत तिचीं बारा सिलिंडरें पेट घेत आणि तो आवाज ऐकण्यासाठीं माणसें लांबून येत. विक्रमाचा वेग तिला कोणीं मागितला नाहीं, हें बरेंच झालें. पुढें कित्येक वर्षें ती उन्हाळ्यांत पेंडाइनच्या संग्रहालयांत आणि हिवाळ्याचे कांहीं दिवस ब्रुकलंड्सला असे. जेथें टॉमस मेला तेथें आणि जेथें तो राहिला तेथें. पेंडाइनचें तें जुनें संग्रहालय पाडून त्या जागीं नवें बांधण्यांत आलें आणि तें २०२३ मध्यें उघडलें. बाहेर समोरच तो सात मैलांचा किनारा आहे; ओहोटी लागली कीं ओली वाळू पूर्वींप्रमाणेंच सपाट दिसूं लागते.