पाण्यात न उतरता पाणी

पाण्याखालचं दृश्य दाखवायला पाण्यात उतरावंच लागतं, हा समज सिनेमाच्या इतिहासाने केव्हाच खोडून काढला आहे. १८९८ साली चित्रपटकार जॉर्ज मेलिएसने बुडालेल्या ‘मेन’ जहाजावर काम करणारे पाणबुडे दाखवले, ते कोरड्या जमिनीवर: मागे रंगवलेला पडदा, पुढे नट, आणि नट व कॅमेऱ्याच्या मधोमध मासे सोडलेली काचेची टाकी. मासे डोळ्यांसमोरून गेले की बाकीचं पाणी प्रेक्षक स्वतःच भरतो. आपल्याकडे, निपाणीपासून जेमतेम चाळीस किलोमीटरवरच्या कोल्हापुरात, बाबूराव पेंटरांनी कॅमेरासुद्धा घरीच घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट पडद्यावर आणला. त्या काळच्या हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात एक सोय आपसूक होती: दांडा जलद फिरवून चित्रण करा, पडद्यावर हालचाल संथ, जडावलेली दिसते. कुणी म्हणेल, केस आणि पदर तरंगणार कसे? आक्षेप रास्त आहे; कोरड्या युक्तीची खरी कसोटी तिथेच लागते. पण खालून पंख्याचा वारा आणि चित्रणाचे तुकडे आखूड, एवढ्यावर बरंच निभावतं. बेळगाव-निपाणीकडच्या हौशी मंडळींना आज मोबाइलमध्येच संथ चित्रण मिळतं. राहिला पाण्यातला उजेड: काचेच्या परातीत पाणी हलवून वरून दिवा धरला, की खाली जमिनीवर लाटांची जाळी उमटते.