गुडघा बदलल्यावर शेक गरम नाही, गार द्यायचा! बर्फ कसा लावावा, किती वेळ, आणि कुणी लावू नये

गुडघा बदलण्याचं ऑपरेशन झालं की पेशंट साधारण चार-पाच दिवसांत घरी येतो. मग भेटायला येणाऱ्यांची रांग लागते आणि प्रत्येकाकडे एक उपाय असतो. कुणी सांगतं वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेका, कुणी निर्गुडीचा पाला गरम करून बांधा म्हणतं, कुणी तिळाचं तेल चोळायला बसतं. डिस्चार्जच्या कागदावर मात्र इंग्रजीत बर्फ लावायला सांगितलेलं असतं, आणि तो कागद फाईलमध्येच राहतो.

गोंधळ बराचसा शब्दाचा आहे. डॉक्टर घाईत ‘शेक द्या’ म्हणतात. आपल्याकडे शेक म्हटलं की चूल, तवा आणि गरम पाण्याची पिशवीच डोळ्यासमोर येते. नव्या ऑपरेशनवर तोच शेक दिला की सूज वाढते, आणि घरच्यांना वाटतं ऑपरेशनच बिघडलं.

सूज का येते?

या ऑपरेशनमध्ये मांडीच्या आणि नडगीच्या हाडाची झिजलेली टोकं कापून त्यावर धातूच्या टोप्या बसवतात आणि मधे टणक प्लास्टिकची गादी असते. एवढी कापाकापी झाल्यावर आत रक्त आणि पाणी साचतं, गुडघा सुजतो, हाताला गरम लागतो. हे होणारच. गरम शेकाने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि तिथे आणखी रक्त येतं. थंडाव्याने त्या आकसतात आणि दुखण्याचा निरोप मेंदूकडे नेणाऱ्या नसा थोड्या मंदावतात. सूज राहिली की मांडीचा पुढचा स्नायू नीट आवळता येत नाही, म्हणून उभं राहताना पाय लटपटतो. सूज उतरवायची ती यासाठी.

फायदा किती, हेही खरं सांगायला हवं. जगभरातल्या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने या विषयाचा आढावा २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये घेतला. त्यानुसार सुरुवातीच्या दिवसांत दुखणं आणि गुडघा वाकण्यात थोडाफार फरक पडू शकतो, पण पुरावा फार भक्कम नाही. म्हणजे बर्फ हा जोडीचा उपाय आहे. गोळ्या आणि व्यायाम बंद करून नुसता बर्फ लावत बसलं तर हाती काही लागणार नाही. गार पाणी फिरवणारी महागडी मशीनही भाड्याने मिळतात. साध्या बर्फाच्या पिशवीपेक्षा ती बरीच सरस आहेत असं ठामपणे दिसलेलं नाही, त्यामुळे कर्ज काढून मशीन आणायची गरज नाही.

लावायची पद्धत

बर्फाचे तुकडे फडक्यात घालून लाटण्याने बारीक करावेत. मोठा खडा गुडघ्यावर नीट बसत नाही आणि एकाच जागी टोचतो. चुरा जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून हवा काढावी, तोंड घट्ट बांधावं आणि वरून दुसरी पिशवी चढवावी. मेडिकलमध्ये झाकणाची रबरी पिशवी किंवा जेल पॅक मिळतो, तोही चालतो. आधी गुडघ्यावर कोरडा पातळ टॉवेल किंवा पंचा, त्यावर पिशवी. बर्फ उघड्या कातडीवर कधीच ठेवायचा नाही. पट्टी ओली होता कामा नये. टाके काढेपर्यंत, म्हणजे साधारण दोन आठवडे, हे फार जपावं. बाजारातल्या लादीचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही, म्हणून गळकी पिशवी जखमेजवळ नको.

एका वेळी १५ ते २० मिनिटं पुरे. मग किमान एक-दोन तासांची विश्रांती. दिवसातून चार-पाच वेळा केलं तरी चालतं, त्यातली एक वेळ व्यायामानंतर आणि एक रात्री झोपण्याआधी ठेवावी. डॉक्टरांनी वेगळी वेळ सांगितली असेल तर तीच पाळावी. पिशवी पायावर ठेवून झोपी जाऊ नये. मोबाईलमध्ये गजर लावणं सोपं.

लाईटचा भरवसा नसेल तर रसवंतीवाल्याकडून किंवा बर्फाच्या कारखान्यातून आणलेला बर्फ थर्माकोलच्या डब्यात किंवा पाण्याच्या थंड जगमध्ये बराच वेळ टिकतो. अजिबातच नसेल तर माठातल्या पाण्यात पिळलेला टॉवेल पट्टीला न भिजवता मांडी-पोटरीच्या बाजूंनी ठेवावा. बर्फाइतका गुण येणार नाही, पण बरं वाटतं.

बर्फ लावताना पाय उंचावर हवा. इथे एक चूक घरोघरी होते. आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली गोधडीची वळकटी देतात. तसं रोज झोपलं की गुडघा किंचित वाकलेलाच आखडतो आणि पुढे सरळ होत नाही, चालताना लंगडतो. वळकटी टाचेखाली द्यावी, गुडघा मोकळा राहू द्यावा.

कातडीकडे लक्ष

दर पाच मिनिटांनी पिशवी उचलून बघावं. कातडी लालसर झाली तर ठीक. पांढरी पडली, कडक झाली, फोड आला किंवा जाग्यावर काहीच कळेनासं झालं तर लगेच काढावं. पेशंटच्या सांगण्यावर पूर्ण विसंबू नये, कारण ऑपरेशनच्या चिऱ्याच्या बाहेरच्या बाजूची कातडी बऱ्याच जणांना बधिर लागते. तिथली एक बारीक नस कापली जाते. त्या भागाला बर्फाने चटका बसला तरी माणसाला कळत नाही, म्हणून घरातल्या कुणीतरी डोळ्यांनी बघणं गरजेचं.

जुनी शुगर असून पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, थंडीने बोटं पांढरी-निळी पडत असतील किंवा गार लागताच अंगावर गांधी उठत असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बर्फ लावू नये. सिकलसेलच्या पेशंटलाही हेच लागू, थंडीने त्यांचं दुखणं उसळू शकतं. गडचिरोली, नंदुरबारसारख्या भागात हा आजार बऱ्याच घरांत आहे.

‘थंडीने वात धरेल’, ‘आतलं लोखंड गंजेल’ अशी भीती म्हाताऱ्या माणसांना असते. आत साधं लोखंड नसतं. बहुतेक वेळा कोबाल्ट आणि क्रोमियमचा मिश्रधातू असतो, तो शरीरात राहण्यासाठीच बनवलेला आहे. वीस मिनिटांच्या बर्फाने त्याचं काही बिघडत नाही. थंडीच्या दिवसांत बाकी अंगावर पांघरूण घालून फक्त गुडघा उघडा ठेवावा, म्हणजे पेशंट कुरकुरत नाही.

बर्फाचं काम नसलेली दुखणी

पोटरी सुजून ताठ झाली, दाबल्यावर दुखली, तर पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. तिथे बर्फ नको आणि मालिश तर मुळीच नको. गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. दम लागला किंवा छातीत दुखलं तर १०८ ला फोन करावा, सकाळची वाट बघू नये. ताप, थंडी वाजणं, टाक्यांतून पाणी किंवा पू, दिवसागणिक वाढणारी लाली, हीसुद्धा जंतुसंसर्गाची लक्षणं असू शकतात. जखमेवर हळद किंवा लेप लावून ती झाकून टाकू नयेत.

सूज पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जास्त असते, मग हळूहळू उतरते. थोडी सूज आणि गुडघ्याला गरमपणा कित्येकांना सहा महिने, कधी वर्षभरही राहतो. शेतात चक्कर मारून आल्यावर किंवा लग्नात जास्त उभं राहिल्यावर संध्याकाळी पुन्हा सूज दिसली तर बर्फ काढायला हरकत नाही. गरम शेक कायमचा बंद असंही नाही. जखम पूर्ण भरल्यावर मांडीचे स्नायू आखडले असतील तर फिजिओथेरपिस्ट तो सुरू करायला सांगतात, पण त्यांनी सांगितल्यावरच.