टिंबाआधीचे नाव : सबडोमेनचा इतिहास आणि सायखेडा

संकेतस्थळाच्या मुख्य नावाआधी टिंब देऊन जे नाव जोडले जाते त्याला सबडोमेन म्हणतात, आणि मुख्य नाव एकदा विकत घेतले की त्याच्या पोटातली अशी नावे काढण्यासाठी कोणत्याही नोंदणी संस्थेकडे पुन्हा अर्ज करावा लागत नाही. ‘मु. पो. सायखेडा, ता. निफाड, जि. नाशिक’ हा पत्ता लिहिला जातो गावापासून, पण टपालखाते तो वाचते जिल्ह्याकडून. इंटरनेटवरील नावाचेही तसेच असून संगणक ते उजवीकडून, म्हणजे सर्वांत मोठ्या विभागापासून, उलगडत जातो.

ही उतरंड आरंभापासून नव्हती. अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्यावरील सर्व संगणकांची नावे आणि त्यांचे अंकी पत्ते एकाच यादीत असत, ती यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत सांभाळली जाई, आणि नवे नाव घालायचे तर तिथेच कळवावे लागे. संगणक वाढले तशी ही व्यवस्था अपुरी पडली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी मांडलेल्या, आणि १९८७ मध्ये सुधारून स्थिर झालेल्या, डोमेन नेम सिस्टीमने ती यादी मोडून नावे देण्याचा अधिकारच खालच्या पातळ्यांवर वाटून दिला. ज्याच्याकडे एक नाव आहे त्याने त्याच्या पोटातील नावे स्वतः ठरवावीत, किंवा तोही अधिकार पुढे दुसऱ्याकडे सोपवावा, असा तो नियम होता.

भारतासाठीचे ‘डॉट इन’ हे नाव १९८९ मध्ये नोंदले गेले आणि त्याचा कारभार मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे होता. त्या काळात व्यापारी संस्थेला ‘सीओ डॉट इन’खाली, शिक्षणसंस्थेला ‘एसी डॉट इन’खाली जागा मिळे, आणि २००५ मध्ये निक्सी या संस्थेने थेट ‘डॉट इन’खालील नोंदणी सर्वांना खुली करेपर्यंत देशातील अशा नावांची संख्या जेमतेम ७ हजारांच्या आसपास होती. शासकीय कार्यालये बहुधा नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरच्या आश्रयाने राहिली. नाशिक जिल्ह्याचे संकेतस्थळ पूर्वी ‘नाशिक डॉट एनआयसी डॉट इन’ या पत्त्यावर होते, म्हणजे जिल्हा हा संगणक केंद्राच्या नावाचा पोटविभाग होता. पुढे तो ‘नाशिक डॉट जीओव्ही डॉट इन’ झाला.

सायखेड्याच्या शेतकऱ्याचा या व्यवस्थेशी सर्वांत जवळचा संबंध येतो तो सातबाऱ्यामुळे. राज्याच्या ‘महाभूमी’ या मुख्य नावाखाली ‘भूलेख’ आणि ‘डिजिटलसातबारा’ अशी दोन सबडोमेन असून पहिल्यावर उतारा फुकट पाहता येतो, तर दुसऱ्यावर शुल्क भरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळतो. कामे वेगळी, म्हणून नावे वेगळी. दोन्ही वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवता येतात आणि एक बंद पडले तरी दुसरे चालू राहू शकते. मात्र ‘भूलेख’मध्ये नाशिक हा महसूल विभाग सबडोमेन नव्हता, पत्त्यातील तिरक्या रेघेनंतर येणारा नुसता मार्ग होता, आणि जिल्हा, तालुका व गाव तर यादीतून निवडावे लागत.

सबडोमेन उभारण्याची कृती मात्र अगदी साधी आहे. नाव थेट अंकी पत्त्याशी जोडायचे असेल तर ‘ए’ नोंद आणि दुसऱ्या नावाशी जोडायचे असेल तर ‘सीनेम’ नोंद करतात. त्यानंतर सर्व्हरला ते नाव कोणत्या फोल्डरशी जोडायचे हे सांगावे लागते. एकाच अंकी पत्त्यावर अनेक नावे नांदू शकतात, कारण ब्राउझर मागणीसोबत आपल्याला कोणते नाव हवे तेही कळवतो. १९९७ च्या एचटीटीपी मानकाने हे बंधनकारक केल्यानंतर स्वस्त सामायिक होस्टिंग खऱ्या अर्थाने फोफावले. ‘सीनेम’ नोंद मात्र धोक्याचीही ठरते. भाड्याची सेवा बंद केली आणि तिच्याकडे बोट दाखवणारी ‘सीनेम’ नोंद तशीच राहिली, तर त्याच सेवेवर जागा घेणारा परका माणूस त्या नावाखाली स्वतःचे पान दाखवू शकतो. संस्थांना जुन्या नोंदी पुसण्याचा आळस बहुधा याच ठिकाणी महाग पडतो.

ऑगस्ट २०१४ पासून ‘डॉट भारत’खाली देवनागरी नावे घेता येऊ लागली आणि तांत्रिकदृष्ट्या ‘सायखेडा’ हे नाव देवनागरीतही पत्ता होऊ शकते, जरी सर्व्हरच्या दप्तरात ते ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांतच नोंदले जाते. राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर कांद्याचे भाव पाहताना मात्र आजवर हे गाव ‘पिंपळगाव(ब) - सायखेडा’ असे, मूळ बाजार समितीच्या नावामागे लागलेला उपबाजार म्हणून, भेटत आले आहे. त्याला स्वतःचे सबडोमेन द्यायचे तर एका ओळीची नोंद पुरेल, पण ती ओळ लिहिण्याचा अधिकार मुख्य नाव ज्याच्या हाती आहे त्याच्याकडेच राहतो, आणि तो खाली सोपवण्याची जी सोय १९८३ मध्येच केली गेली होती तिचा वापर आपल्या शासकीय संकेतस्थळांनी फारच कंजूषपणे केला आहे.