फायरवॉल : अनपेक्षित पुनरारंभाचा दोष
संगणकांच्या जालात येणाऱ्या व त्यातून बाहेर जाणाऱ्या संदेशांची ठरावीक नियमांनुसार छाननी करणाऱ्या यंत्रणेस फायरवॉल म्हणतात. २ नोव्हेंबर १९८८ रोजी पसरलेल्या मॉरिस वर्म या प्रग्रामाने इंटरनेटवरील हजारो संगणक निकामी केल्यावर तिची निकड विशेष भासू लागली. पुढे हे काम स्वतंत्र यंत्राकडे आले आणि त्याबरोबर एक चिवट दोषही : यंत्र मध्येच बंद पडून आपोआप पुन्हा सुरू होणे. तात्पुरत्या स्मृतीतील नोंदी त्यात पुसल्या जात असल्याने पुरावाच नाहीसा होतो. म्हणून नोंदी दुसऱ्या संगणकाकडे पाठविण्याची सिसलॉग पद्धत येथे मोलाची ठरली. एरिक ऑलमन यांनी ती १९८०–९० या दशकात, मुळात टपालविषयक सेंडमेल प्रग्रामासाठी तयार केली होती.

विदर्भात अशा वेळी पहिला संशय उष्णतेवर व विजेवर जातो आणि तो गैर नाही. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५° से. च्या वर जातो. धुळीने पंखा अडला, की कपाटातील यंत्र तापून स्वसंरक्षणार्थ बंद होते. वीजदाब क्षणभर घसरल्यासही तेच घडते. दोष दुपारीच उद्भवत असेल, तर उष्णता; साधारण ठरावीक दिवसांनी उद्भवत असेल, तर प्रग्रामाने स्मृती अडवून धरणे हे कारण संभवते. मात्र वेळांत काहीच मेळ नसेल, तर बाहेरून कोणी दोष घडवीत आहे काय, हे पाहावे लागते.

या शेवटच्या शक्यतेचे महत्त्व वीजक्षेत्रात कळून आले. वर्धा येथे पॉवरग्रिडचे ७६५ किलोव्होल्टचे उपकेंद्र असून सिवनी व निझामाबादकडील वाहिन्या त्यास जोडलेल्या आहेत. अशा केंद्रांची मोजमापे दूरच्या नियंत्रणकक्षास अखंड मिळावी लागतात. ५ मार्च २०१९ रोजी अमेरिकेतील एसपॉवर या सौर व पवन वीज कंपनीत हा दुवा सुमारे दहा तास पुनःपुन्हा तुटत राहिला, प्रत्येक वेळी पाच मिनिटांहून कमी काळ. फायरवॉल स्वतःहून पुन्हा सुरू होत होत्या. वीजनिर्मिती थांबली नाही. पण त्या क्षणांपुरते नियंत्रणकक्षास आपलीच केंद्रे दिसेनाशी झाली. उत्पादकाने नोंदी तपासल्यावर कारण उघड झाले. प्रग्रामातील एका ज्ञात उणिवेचा कोणी बाहेरून गैरफायदा घेत होते; तिच्यावरील दुरुस्ती उपलब्ध होती, परंतु बसविलेली नव्हती. कंपनीने ती प्रथम कमी महत्त्वाच्या ठिकाणी पडताळली, मग एका नियंत्रणकक्षात रात्रभर चालवून पाहिली व त्यानंतरच उरलेल्या केंद्रांत बसविली.